भुलीच्या इंगोले मॅडम

इंगोले मॅडमची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझं ऑपरेशन अडवलं म्हणून.

अमरावतीत मी हाडांचा दवाखाना नुकताच सुरू केला होता. कायमचा भूलतज्ज्ञ ठेवावा एवढं काम नव्हतं. शहरातल्या इतर लहान दवाखान्यांप्रमाणे मीही लागेल तेव्हा बाहेरून बोलवायचो. मॅडम अशा फिरत्या भूलतज्ज्ञांपैकी एक. सकाळी राजापेठ, दुपारी कॅम्प, कधी बडनेरा, आठवड्यातून एखादी फेरी अकोल्याला. जुनी पांढरी गाडी, मागच्या सीटवर मास्क, नळ्या, औषधांचा डबा आणि मोसम असला की संत्र्यांची पिशवी. बुटक्या, अंगानं भरलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडीखाली पळायचे बूट. त्यांची पावलं कधी वाजत नसत. एकदम आवाजच यायचा, कारण हळू बोलणं त्यांना जमत नसे. मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातून त्या शिकायला बाहेर पडल्या होत्या आणि बोली तिथलीच ठेवली होती. डॉक्टरांच्या सभेतही त्या "मले काय वाटते" असंच सुरू करायच्या. पुण्याहून आलेले पाहुणे डॉक्टर पहिली दोन मिनिटं एकमेकांकडे बघायचे, मग वहीत लिहून घ्यायला लागायचे.

त्या आठवड्यात माझ्याकडे दोन वयस्कर पेशंट होते. एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब, सत्तरीच्या आतले, गुडघा बदलायचा होता. दुसरे शेंदूरजनाघाटचे एक आबाजी, पंच्याऐंशीच्या पुढचे. संत्र्याच्या बागेत पाय घसरून त्यांचा खुबा मोडला होता. कोणतं ऑपरेशन सोपं आणि कोणतं धोक्याचं, याबद्दल माझ्या मनात काही शंका नव्हती. साहेबांचं रक्त, हृदय, साखर, सगळे रिपोर्ट एखाद्या तरुणाचे असावेत तसे होते. मी मॅडमना फोनवर म्हटलं, आदल्या दिवशी येण्याची गरज नाही, फिटनेसचा दाखला आलेला आहे.

"रिपोर्ट रिपोर्टाच्या जागी," त्या म्हणाल्या. "मले माणूस पाहाले लागते."

संध्याकाळी त्या आल्या आणि साहेबांच्या पलंगावर सरळ मांडी घालून बसल्या. छाती तपासली, तोंड उघडायला लावलं, मान मागे घ्यायला लावली. ते सगळेच करतात. मग पिशवीतून एक संत्रं काढून त्यांच्या हातात दिलं. "सोला बरं."

साहेबांनी नखानं साल उचकटायचा प्रयत्न केला. दोन-तीन तुकडे निघाले. मग त्यांनी संत्रं मांडीवर ठेवलं आणि बोटं चोळत हसले. पत्नीनं ते घेतलं. "मीच देते सोलून. आता यांना जमत नाही."

"कवापासून?"

"दिवाळीपासून असेल."

"जिना चढतेत?"

"गच्चीवर जाणं सोडलंय. दम नाही लागत हो, पण नको म्हणतात."

"घरात पडले होते काय?"

पत्नीनं नवऱ्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "बाथरूम ओलं होतं." पत्नी म्हणाली, "दुसऱ्यांदा कोरडं होतं."

मॅडमनी त्यांच्या पॅन्टच्या पट्ट्याकडे बोट केलं. पट्ट्याला घरी, बहुतेक खिळ्यानं, नवं भोक पाडलेलं होतं. जुनं भोक त्याच्यापासून बरंच दूर होतं.

आबाजींच्या खोलीत वेगळाच प्रकार झाला. मोडलेल्या पायाला वजन लटकवलेलं, चेहरा दुखण्यानं आक्रसलेला. पण संत्रं हातात येताच त्यांनी ते फिरवून देठाकडे पाहिलं, एका झटक्यात सोललं आणि अर्धं मॅडमच्या पुढे धरलं. एक फोड तोंडात टाकून म्हणाले, "हे आमच्याकडचं नोहे. आंबट हाय. कोन देल्लं तुमाले?"

बाहेर येऊन मॅडम मला म्हणाल्या, "आबाजीले उद्या सकाळी पहिल्यांदा घ्या, उशीर नका करू. साहेबाले आता नाई."

मी रिपोर्टांची फाईल पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. "रिपोर्ट नॉर्मल आहेत डॉक्टर, माणूस नाई. वय काय पाहून राहिले तुमी? झीज पाहा. ऑपरेशन म्हणजे अंगावर मोठं ओझं. भूल, रक्त जाणं, दुखणं, दोन दिवस नीट जेवण नाई. हे सारं सोसाले अंगात मागं ठेवलेला जोर लागते. आबाजीच्या अंगात तो आहे. ह्या साहेबाचा सरला आहे, अन् त्याहिले मालूमही नाई. पुस्तकात याले मोठं नाव आहे. माही माय म्हणते, कुडी खंगली."

साहेबांचा मुलगा चिडला. त्यानं रजा काढली होती. मॅडमनी त्याला समोर बसवून सांगितलं की गुडघा कुठं पळून जात नाही. मग दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं, कारण साहेबांना चावता येत नव्हतं आणि म्हणून ते वरण-भाताखेरीज काही खात नव्हते. झोपेची गोळी हळूहळू बंद करायला लावली. अंडी, शेंगदाणे, डाळ, आणि रोज बायकोच्या हाताला धरून अंगणात फेऱ्या. दोन-एक महिन्यांनी साहेब परत आले तेव्हा पट्टा जुन्या भोकाकडे सरकला होता. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. त्यानंतर वयस्कर पेशंट असला की मी दुसऱ्या कोणाला फोन केला नाही.

पेशंटना भूल देणारा डॉक्टर लक्षात राहत नाही. ज्याच्यामुळे आपण झोपलो आणि ज्याच्यामुळे उठलो, त्याचा चेहरा त्यांनी मास्कच्या वर दोन डोळे एवढाच पाहिलेला असतो. मॅडमना याचं काही वाटत नसे. पण पेशंटचं नाव त्या नीट विचारून घेत. फाईलमधलं नाव चालत नसे. "घरी काय म्हणतेत तुमाले? लहानपणी माय काय म्हणे?" एखादी ऐंशी वर्षांची बाई लाजून "चिंगी" म्हणायची. ऑपरेशन संपलं, औषधं बंद केली की मॅडम तिच्या कानाशी वाकून तेच नाव घेत. "चिंगे, ऊठ वं. झालं." त्यांचं म्हणणं असं की म्हातारी माणसं फाईलमधल्या नावाला उठत नाहीत. मी याची कधी शहानिशा केली नाही. उठताना मात्र बऱ्याच जणी ओ देत.

"झोपवणं सोपं आहे," असं त्या नव्या मुलांना सांगायच्या. "जशी होती तशी परत आणणं हे काम आहे." यातलं "जशी होती तशी" म्हणजे काय, हे मला कळलं ते मूर्तिजापूरच्या हेडमास्तरांमुळे.

हे निवृत्त हेडमास्तर खुब्याच्या ऑपरेशनसाठी आले होते. कडक माणूस. दाखल होताना त्यांनी आमच्या पाटीवरचं शुद्धलेखन दुरुस्त करायला लावलं होतं. ऑपरेशन सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी राउंडला गेलो तर वॉर्डात गोंधळ. मास्तर पलंगावरून उतरायला बघत होते. त्यांना वाटत होतं की ते मूर्तिजापूरच्या फलाटावर आहेत आणि शकुंतला सुटते आहे. ती लहान रुळांची गाडी बंद पडून कैक वर्षं झालेली. हाताची सलाईन त्यांनी उपसून टाकली होती. सिस्टरला ते तिकीट मास्तर समजून रागावत होते, आणि सुनेला त्यांनी ओळखलं नव्हतं. सून कोपऱ्यात रडत होती. मोठा मुलगा म्हणत होता, "डॉक्टर, वेड लागलं बाबांना. भूल जास्त झाली." लहान मुलानं कुठून तरी पट्टी आणली होती, हात पलंगाला बांधायला.

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी दारातूनच पलंग, खिडक्या आणि कडेचं टेबल नजरेखालून घातलं.

"पट्टी ठेव तिकडं," त्या लहान मुलाला म्हणाल्या. "यायचा चश्मा कुठं आहे?"

चष्मा घरी होता. ऑपरेशनला जाताना काढलेला, हरवू नये म्हणून कोणीतरी घरी पाठवून दिलेला.

"अन् दात?"

दातांची कवळीही घरी.

"मंग? डोळे नाई, दात नाई. पडदे लावले म्हणून उजेड नाई. अंगात दुखणं. सारी अनोळखी तोंडं. तुले इथं असं टाकलं तं तू काय म्हणशीन? म्हातारं डोकं भुलीनंतर असं गडबडते. वेड नोहे हे. बहुतेकांचं दोन-चार दिवसांत उतरते."

"बहुतेकांचं?" मोठ्या मुलानं विचारलं.

"हो. साऱ्यांचं नाई. कोणी पहिल्यासारखं होत नाई. मी तुले खोटं कायले सांगू?"

मुलगा मोटरसायकलवर गावाला गेला आणि चष्मा, कवळी घेऊन आला. तोवर मॅडमनी पडदे उघडले, नको ती औषधं बंद करायला सांगितली, लघवीची नळी काढायला लावली, दुखण्याचं औषध नीट बसवलं. मास्तरांना त्यांनी शकुंतला नाही म्हणून वाद घातला नाही आणि आहे असंही म्हटलं नाही. "मास्तर, हा दवाखाना आहे. अमरावती. तुमचा खुबा बसवला. आज बुधवार. ही तुमची सून आहे." दर थोड्या वेळानं हेच, त्याच आवाजात. सुनेला डोळे पुसून पलंगाशेजारी बसवलं. "बोल त्याहिच्याशी. घरात जशी बोलतं तशी. रडू नको, रडली का ते अजून घाबरतेत."

"घरात मी जास्त बोलत नाही त्यांच्याशी," सून म्हणाली.

"मंग आता बोल."

तिसऱ्या दिवशी मास्तर भानावर आले. आधी त्यांनी सुनेकडे चहा मागितला, मग सिस्टरला विचारलं की आपण काही गैर बोललो का. सिस्टर नाही म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या ऑपरेशन थिएटरच्या दाराशी चष्मे आणि कवळ्या ठेवायला नावाच्या चिठ्ठ्या लावलेले डबे आले, आणि पेशंट बाहेर आला की आधी त्याच्या नाकावर चष्मा चढायला लागला.

मॅडम नेहमी बरोबर ठरत असत, असं मात्र नाही. भाजीबाजारात बसणाऱ्या एक प्रयागाबाई होत्या. घरची मळ्याची शेती, वांगी-मेथी स्वतः आणून विकायच्या. पाठीच्या मणक्यात नस दबून त्यांना चालता येईना. ऑपरेशन करावं असं मला वाटत होतं. मॅडमनी त्यांना दोनदा पाहिलं. वजन उतरलेलं, छाती अशक्त, चार वाक्यं बोलली की डोळे मिटत. मॅडम म्हणाल्या, "एवढा वेळ पालथं निजवून भूल द्यायची? नाई. हे मी करणार नाई." घरच्यांनी बाईंना नागपूरला नेलं. तिथं ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी प्रयागाबाई काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी माझ्या दवाखान्यात आल्या. मुलानं मॅडमना मुद्दाम निरोप देऊन बोलावून घेतलं होतं. त्यानं वांग्यांची पाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"पाहा मॅडम. तुमी नाई म्हणे."

मॅडमनी प्रयागाबाईंना दोन्ही खांद्यांना धरून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मुलाचा पुढचा टोमणा तोंडातच राहिला. "मी चुकली," त्या म्हणाल्या. "बरं झालं चुकली." मग खुर्ची ओढून त्यांनी सगळं विचारून घेतलं. किती दिवस श्वासाच्या मशिनीवर होत्या, कधी जेवल्या, कधी सगळ्यांना ओळखलं. वांगी घेऊन त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आता पुढे असा पेशंट आला तर?"

"तरी नाईच म्हणीन," त्या म्हणाल्या. "एक बाई वाचली म्हणून दुसरीची छाती मजबूत होते काय?"

त्यांच्या या 'नाही'मुळे त्यांच्याबद्दल शहरात दोन मतं होती. काही सर्जन त्यांना भित्र्या म्हणत. त्यांच्या भावाचंही मत तेच असावं, असं मला वाटतं, कारण त्यांच्या आईचा खुबा मोडला तेव्हा त्यानं बहिणीचं उत्तर गृहीत धरलेलं होतं.

आई नव्वदीच्या पुढची. गावातच, मुलाकडे राहायची. थोरल्या भावाला मॅडम दादा म्हणत. तो काळ्या जमिनीचा, कपाशी-तुरीचा शेतकरी. अंगणात वाळत घातलेल्या डाळीवरून कोंबडी हाकलताना म्हातारी पडली. दादा तिला जीपमधून माझ्याकडे घेऊन आला. आई म्हणजे हाडांची मोळी. विसराळू झालेली, अन्न थोडंच घेणारी. मॅडमनी एरवी अशा पेशंटला पाहून नकाराची मान हलवली असती असंच मलाही वाटलं.

एक्स-रे पाहून झाल्यावर माझ्या खोलीत आम्ही तिघं बसलो. दादा म्हणाला, "मी तिले घरी घेऊन जातो. खाटेवर राहीन बिचारी जितके दिवस राहीन तितके. हे ऑपरेशन तिले झेपत नाई."

"करू आपण," मॅडम म्हणाल्या.

दादा खुर्चीत पुढे सरकला. "तूच तं साऱ्या जिल्ह्याले सांगतं का बुढ्या माणसाले भूल झेपत नाई. अन् आता मायलेच टेबलावर घालतं?"

"गुडघा वेगळा, पाठ वेगळी, हे वेगळं, दादा. गुडघ्याले थांबता येते. मोडलेल्या खुब्याले नाई थांबता येत. तशी नेली तं कूस बदलताना रोज वरडन. पाठीले जखमा होतीन. छातीत कफ भरन. तसं मरण मी पाहिलं आहे. भुलीत जाऊ शकते, हो. मी नाई म्हणत नाई. पण तुह्या खाटेवर तं नक्की जाईन, अन् दुखून जाईन."

"अन् वाचली तं पहिल्यासारखी होईन काय?"

"नाई होणार. थोडी कमीच होईन."

दादानं टेबलावरचा पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाला, "तू स्वतः देशीन भूल?"

"नाई."

"काहून?"

"माहे हात थरथरतीन," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडून अशी गोष्ट मी तोपर्यंत ऐकलेली नव्हती. "अंजुम देईन."

डॉक्टर अंजुम त्यांच्याच हाताखाली तयार झालेली तरुण भूलतज्ज्ञ. ती फोनवर आधी नको म्हणाली. मॅडमनी तिला एवढंच सांगितलं की आपल्या आईला लहानपणी सखू म्हणत.

शेवटचं विचारायचं राहिलं होतं ते आईलाच. दादाचं म्हणणं, तिला काय कळणार. मॅडम वॉर्डात गेल्या, आईच्या उशाशी बसल्या आणि तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन तिला सगळं सांगितलं. आम्ही दोघं पायथ्याशी उभे होतो.

"मी मरीन काय त्याच्यात?" म्हातारीनं विचारलं.

"मरू शकतं, माय."

"अन् नाई केलं तं?"

"तरी जाशीन. पण हे असं दुखत राहीन."

म्हातारीनं डोळे मिटले. तिला झोप लागली की काय असं वाटलं. मग ती वैतागून म्हणाली, "मंग कर ना बाप्पा. एवढं काय पंचायत बसवून राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. अंजुमनं पूर्ण भूल दिली नाही. मांडीतली नस सुन्न केली, मग कमरेत सुई देऊन पायापुरती भूल दिली, तीही अगदी मोजकी. म्हातारी जवळजवळ सगळा वेळ जागी होती. हातोड्याचा आवाज ऐकून तिनं एकदा विचारलंसुद्धा की घरात सुतार कोणी बोलावला. मॅडम आत आल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर दादाच्या शेजारी बसून राहिल्या. सिस्टरनं नंतर मला सांगितलं की मध्येच कधीतरी मॅडमनी दादाचा हात घेऊन आपल्या मांडीवर ठेवला होता आणि आम्ही बाहेर येईपर्यंत तो तसाच होता.

आई वाचली. दोन दिवस ती मॅडमना आपली मेलेली बहीण समजत होती. मॅडम तिला दरवेळी शांतपणे सांगत, मी तुही पोरगी आहे. चौथ्या दिवशी तिला खुर्चीत बसवलं. गावी गेल्यावर वॉकर धरून ती ओसरीपासून अंगणापर्यंत जायला लागली. अंगणाच्या पलीकडे मात्र पुन्हा कधी गेली नाही. तुरी निघाल्या, संक्रांत झाली. एक दिवस दुपारी जेवून ती निजली आणि उठली नाही. मॅडमचा मला फोन आला. त्या म्हणाल्या, "माय गेली." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाल्या, "दुखत नव्हतं तिले." आणि फोन ठेवला.

दिवस झाल्यावर त्या परत कामाला लागल्या. पहिल्यासारख्याच. मला तरी फरक दिसला नाही.

त्यांनी काम सोडलं ते पुढच्या वर्षी, माझ्याच थिएटरमध्ये, एका दुपारी. एका वयस्कर बाईंचं ऑपरेशन चालू होतं. भूल दिलेल्या पेशंटच्या बोटाला एक चिमटा लावलेला असतो. त्यावरून रक्तातला ऑक्सिजन कळतो आणि यंत्र प्रत्येक ठोक्याला बारीक आवाज करतं. ऑक्सिजन उतरायला लागला की आवाजाची पट्टीही उतरते. भूलतज्ज्ञाचे हात दुसऱ्या कामात असले तरी कान तिथं असतो. त्या दिवशी मॅडम पाठमोऱ्या होऊन सलाईन बदलत होत्या. आवाज उतरायला लागला. मी हाडात गुंतलेलो, पण मलाही जाणवलं. सिस्टर म्हणाली, "मॅडम, उतरून राहिला."

मॅडम वळल्या. पडद्यावर पाहिलं, बाईंची हनुवटी वर उचलली, मास्क दाबला, ऑक्सिजन वाढवला. आवाज परत वर आला. बाईंना काही झालं नाही. ऑपरेशन पूर्ण झालं, बाई उठल्या, घरातल्या नावानं हाक मारल्यावर ओ दिली. मॅडमनी त्यांना बाहेर पोचवलं, चष्मा चढवला आणि मग त्या रिकाम्या थिएटरमध्ये परत आल्या. चिमटा स्वतःच्या बोटाला लावून त्यांनी सिस्टरला म्हटलं, "माह्या मागं उभी राहा. आवाज उतरला का माह्या पाठीवर टिचकी मार." मग त्यांनी श्वास रोखून धरला. बराच वेळ. सिस्टरनं टिचकी मारली तेव्हा त्यांनी मान वळवून आधी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

कानाच्या डॉक्टरकडे त्या त्याच संध्याकाळी जाऊन आल्या. बारीक, उंच आवाज त्यांच्या कानातून गेले होते. वयानं जातात तसे.

मी म्हटलं, "यंत्राचा आवाज मोठा करू. गजर लावू. सिस्टर असतेच."

"मोठा करशीन," त्या म्हणाल्या. एव्हाना त्या मला अरे-तुरे करत. "मोठा मले आताही येते ऐकू. उतरते ते नाई येत."

"यंत्र लावा कानाला."

"लावीन ना. घरी टीव्ही पाहाले लावीन."

मी आणखी काही बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "लोकायले मी काय सांगत आली इतके वर्षं? आता माहीच पाळी आली तं दुसरं सांगू काय?" मग गाडीतला औषधांचा डबा, नळ्या, मास्क, सगळं काढून त्यांनी अंजुमला देऊन टाकलं. निरोपसमारंभ करायचं आमच्या मनात होतं. त्या म्हणाल्या, त्या दिवशी त्यांना वेळ नाही. कोणता दिवस ते आम्ही अजून सांगितलंही नव्हतं.

पुढे त्या अकोल्याला मुलाकडे राहायला गेल्या. गेल्या थंडीत मी कामानिमित्त अकोल्याला गेलो तेव्हा त्यांच्याकडे उतरलो. कानात यंत्र होतं. मिक्सरचा आवाज त्यातून फार येतो अशी तक्रार होती. अंगानं थोड्या उतरल्या होत्या, आवाज तेवढाच होता. सुनेनं चहा आणला. मी अंजुमचं सांगितलं, नव्या थिएटरचं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मधूनमधून घड्याळाकडे बघत होत्या. माझा अर्धा कप झाला नसेल तोच बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला आणि त्या उठल्या.

"तू बस. चहा घे. मले जायचं आहे."

"कुठं?"

"शेजारच्या काकूचा मोतीबिंदू काढणार आहेत. घाबरून राहिली. म्हणते, भूल दिली तं मी उठणार नाई."

"पण मोतीबिंदूला भूल..."

"नाई ना देत. नुसते थेंब टाकतेत. पण ते तिले दवाखान्यात सांगाले कोणाले फुरसत आहे?"

त्यांनी पायात बूट चढवले आणि त्या गेल्या. मी कप हातात घेऊन दारापर्यंत आलो. ऑटोत एक वाळलेली, पांढऱ्या केसांची बाई पदर तोंडाशी धरून बसली होती. मॅडम तिच्या शेजारी दाटीनं बसल्या आणि ऑटो सुरू व्हायच्या आतच त्यांनी तिच्याकडे तोंड करून मोठ्यानं विचारलेलं मला ऐकू आलं, "काकू, लहानपणी माय तुमाले काय म्हणे हो?" उत्तर मला ऐकू आलं नाही. ऑटो गल्लीच्या टोकाला वळला.

मागून सुनेनं विचारलं, "चहा गार झाला असेल ना? दुसरा आणू का?"